ताप उतरला, गोळ्या राहिल्या

या महिन्याच्या टपालात हिवतापाची पत्रं इतकी आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आहेत. पाऊस ओसरू लागला की दरवर्षी असंच होतं. मी १९९४ साली गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. पुढची अकरा वर्षं ऑगस्ट ते डिसेंबर हे महिने माझ्यासाठी याच एका आजाराचे होते. उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

*डॉक्टरताई, नमस्कार. माझा मुलगा २३ वर्षांचा, ठाण्याला नोकरीला आहे. जुलैत त्याला थंडी वाजून ताप आला, रक्तात व्हायवॅक्स मलेरिया निघाला. औषधानं तीन दिवसांत बरा झाला. सप्टेंबरात पुन्हा तेच. आता तिसऱ्यांदा. घरात मच्छरदाणी आहे, खिडक्यांना जाळ्या आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, त्याचं रक्तच बिघडलंय. डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्याही दिल्या होत्या, पण पोटात दुखतं म्हणून त्यानं दोन्ही वेळा पाच-सहा दिवसांत सोडल्या. ताप तर गेलाच होता. आता काय करू? — एक आई, डोंबिवली*

ताई, मुलाचं रक्त बिघडलेलं नाही आणि तुमच्या मच्छरदाणीचीही चूक नाही. त्या सोडलेल्या गोळ्यांमुळे हे झालं असण्याची शक्यता जास्त आहे, आणि ते दुरुस्त करता येतं.

डास चावला की जंतू तासाभरात यकृतात पोचतात. तिथे वाढतात आणि साधारण आठवडाभरानं रक्तात उतरून तांबड्या पेशींत घुसतात. व्हायवॅक्स या हिवतापाच्या प्रकारात दर ४८ तासांनी त्या पेशी एकदम फुटतात, आणि हुडहुडी भरते ती त्याच वेळी. म्हणून जुनी माणसं एक दिवसाआडचा ताप ओळखायची. पण सगळेच जंतू रक्तात उतरत नाहीत. काही यकृतातच निपचित पडून राहतात. ते असताना ताप नसतो, आणि रक्त तपासलं तरी ते दिसत नाहीत. मग काही आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी, ते जागे होतात.

शेतकऱ्याला हे समजावताना मला कधी वेळ लागला नाही. हरळी वरून कापली तर रान स्वच्छ दिसतं, पण काशा जमिनीत राहिल्या की पहिल्या पावसाला पुन्हा हिरवं. तीन दिवसांचं क्लोरोक्वीन वरची हरळी कापतं. काशा काढायचं काम प्रायमाक्वीनचं, आणि त्या कामाला चौदा दिवस लागतात.

तुमच्या मुलाला मी दोष देणार नाही. १९९६ च्या सप्टेंबरात मला स्वतःला हा ताप आला. तीन गोधड्या अंगावर असताना दात वाजत होते, खाट हलत होती. मग अंग भाजून निघालं, आणि चार-पाच तासांनी दरदरून घाम फुटला. घाम आल्यावर इतकं हलकं वाटतं, की सुटलो असंच वाटतं. गोळ्या सुटतात त्या अशा वेळी.

आणखी एक सांगते. तेव्हा सरकारी पद्धत प्रायमाक्वीन पाचच दिवस देण्याची होती. तीच माणसं दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कुडकुडत यायची. मी त्यांच्या कागदावर ‘नवा संसर्ग’ असं लिहायची, आणि मच्छरदाणीत झोपत नाही म्हणून त्यांना रागवायची. पाच दिवस पुरत नाहीत हे नंतर स्पष्ट झालं आणि उपचार चौदा दिवसांचा झाला. त्या माणसांना मी विनाकारण बोलले, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता करायचं असं. नव्यानं उपचार सुरू होताना डॉक्टरांना आधीच्या दोन्ही अर्धवट कोर्सबद्दल न लपवता सांगा. जी-सिक्स-पीडी नावाची रक्ततपासणी करून घ्यावी का, हे विचारा. काही लोकांच्या तांबड्या पेशींत हे द्रव्य जन्मतःच कमी असतं, पुरुषांत ते जास्त आढळतं, आणि अशांना प्रायमाक्वीननं पेशी फुटण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे अशी वेगळी पद्धत आहे, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. तपासणी ठीक आली तर गोळी पोटभर जेवल्यावर घ्यायची. उपाशीपोटी घेतली की पोटात दुखतं. बहुतेकांच्या तक्रारीचं कारण तेवढंच असतं. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौदा चौकटी आखा आणि रोज रात्री जेवणानंतर एक खूण करा. उरलेली जुनी पाकिटं कुणाला देऊ नका.

नंतरच्या दोन्ही वेळा जुनेच जंतू उठले, की एखादा डास नव्यानं चावला, हे रक्त तपासून सांगता येत नाही. दोन्हींत उपचार तोच.

*मी एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. वसतिगृहातल्या तीन मुलांना पीएफ निघाला. औषध पूर्ण दिलं. एका मुलाला दोन आठवड्यांनी पुन्हा कणकण आली म्हणून कार्ड टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली. औषध फसलं का? दुसरं म्हणजे एक चौथीतली मुलगी, ताप जाऊन महिना झाला तरी वर्गात पेंगते. पाढे तोंडपाठ असणारी आता अडखळते. पालक म्हणतात, पुजाऱ्याला दाखवू. — एक शिक्षक*

सर, आधी कार्डाचं सांगते. फॅल्सिपेरम, म्हणजे तुम्ही म्हणता तो पीएफ, हा हिवतापाचा जास्त घातक जंतू. तो एक प्रथिन रक्तात सोडतो. कार्ड ते प्रथिन ओळखतं, जंतू नाही. जंतू मेल्यावरही ते प्रथिन कित्येक आठवडे रक्तात राहतं. त्यामुळे उपचारानंतर दोन आठवड्यांनी कार्ड पॉझिटिव्ह येणं याचा अर्थ औषध फसलं असा होत नाही. पण मुलाला ताप आहे, म्हणून गप्पही बसायचं नाही. काचपट्टीवर रक्तनमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. जिवंत जंतू आहेत की नाहीत ते तिथेच कळतं.

आमच्या केंद्रातले लॅबवाले भाऊ दिवसाला साठ-सत्तर काचा बघायचे. वीज नसेल तर खिडकीशी बसून, आरशानं ऊन पकडून. फॅल्सिपेरमचं एक रूप चंद्रकोरीसारखं असतं. ते दिसलं की भाऊ नुसतं “कोर आहे” म्हणायचे आणि मी औषधांच्या कपाटाकडे वळायची. ही कोर उपचारानंतरही काही दिवस दिसू शकते. तिनं रुग्णाला ताप येत नाही, पण डास चावला तर आजार पुढे जातो. पीएफच्या उपचारात प्रायमाक्वीनची एकच मात्रा देतात ती यासाठी. कार्ड नव्हती तेव्हा काचा तालुक्याला पाठवून निकाल यायला आठवडा लागायचा, आणि तोवर प्रत्येक तापाला आम्ही क्लोरोक्वीनच्या चार गोळ्या देऊन वाट बघायचो. पीएफ वाट बघत नाही. आज कार्ड गावातल्या आशाताईंच्या पिशवीत असतं आणि पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देतं, याचं मोल मला फार वाटतं.

आता त्या मुलीबद्दल. १९९८ साली रोवणीच्या दिवसांत आठ वर्षांच्या एका मुलाला खाटेवर टाकून आठ किलोमीटरवरून आणलं होतं. झटके येत होते, शुद्ध नव्हती. फॅल्सिपेरमनं भरलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात. मेंदूत तसं झालं की हेच दिसतं. लहान मुलांत रक्तातली साखरही झपाट्यानं उतरते. आम्ही ग्लुकोज आणि क्विनीन शिरेतून दिलं. तिसऱ्या दिवशी त्यानं आईकडे पाणी मागितलं. आम्ही सगळे रडलो, आणि मला वाटलं, इथे काम संपलं. वर्षभरानं त्याच्या शाळेत तपासणीला गेले तेव्हा गुरुजी म्हणाले, हा मठ्ठ आहे, अक्षरं विसरतो. पहिलीत असताना तो वाचत होता. मेंदूच्या हिवतापातून वाचलेल्या काही मुलांत असा परिणाम राहतो, हे मी त्या गुरुजींना वर्षभर आधीच सांगायला हवं होतं.

तुमच्या विद्यार्थिनीला झटके आले नव्हते, असं मी पत्रावरून धरते. मग बहुधा कारण साधं आहे: अंगातलं रक्त कमी झालंय. प्रत्येक तापाला तांबड्या पेशी फुटतात, आणि आधीच अशक्त असलेल्या मुलीत ती तूट भरायला महिने जातात. हिमोग्लोबिन तपासून घ्या, सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झाली नसेल तर तीही. सिकलसेलबद्दल तुमच्या भागात एक समजूत आहे, की तो असला की हिवताप होत नाही. हे अर्धंच खरं. ‘एएस’ म्हणजे वाहक असलेल्या मुलांना गंभीर फॅल्सिपेरमपासून बऱ्यापैकी संरक्षण असतं. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण असलेल्या मुलाला हिवताप झाला तर तो इतरांपेक्षा अधिक धोक्यात असतो. तोवर तिला पुढच्या बाकावर बसवा, पाढे पुन्हा पहिल्यापासून म्हणू द्या, आणि वर्गात कुणी तिला मठ्ठ म्हणणार नाही एवढं बघा.

पुजाऱ्याशी भांडू नका. मी भांडून पाहिलं. लोक पुजाऱ्याकडेच गेले, आमच्याकडे उशिरा आले. मग एका गावात मी त्या पुजाऱ्याच्याच अंगणात जाऊन बसले. त्याच्या नातवाचं रक्त त्याच्यासमोर घेतलं, औषध दिलं, तीन दिवस रोज गेले. पुढे तोच म्हणायला लागला, “आधी बाईकडे बोट टोचून ये, मग माझ्याकडे ये.” पालक पुजाऱ्याकडे जातील तर जाऊ देत. औषधाला उशीर होता कामा नये, एवढंच धरून ठेवा.

वसतिगृहात मुलं जमिनीवर झोपत असतील तर मच्छरदाणी सतरंजीखाली खोचलेली आहे का, हे रोज रात्री फिरून पाहा. औषध भारलेली मच्छरदाणी धुतली तर सावलीतच वाळवायची. आणि झटके, गुंगी, वारंवार उलट्या, धाप, पांढरेफटक डोळे, काळपट लघवी, यांतलं एकही दिसलं तर कार्डाच्या निकालासाठीसुद्धा थांबायचं नाही. मुलाला गाडीत घालायचं.

*मलेरियात प्लेटलेट ४० हजारांवर आल्या आहेत. पपईच्या पानांचा रस किती द्यावा? — नाशिक*

देऊ नका. हिवतापात प्लेटलेट उतरतात हे नेहमीचं आहे, आणि हिवतापाचं औषध लागू पडलं की त्या आपणहून चढतात. कडू रसानं रुग्णाला उलटी झाली तर पोटातली खरी गोळी बाहेर पडते. असं मी पाहिलंय. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर ती मात्रा पुन्हा द्यावी लागते. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर लाल ठिपके असं काही असेल तर रुग्णालयात दाखल करा. आणखी एक, त्याचं पोट चोळू नका. हिवतापात पानथरी (प्लीहा) सुजते आणि ती दाबानं फुटू शकते.

*माझी सून पाच महिन्यांची गरोदर आहे. तिला मलेरिया निघाला, डॉक्टरांनी क्लोरोक्वीन दिलं. गोळ्या गरम पडून बाळाला अपाय होईल या भीतीनं मी त्या थांबवल्या. ताप आपोआप गेला. बरं केलं ना? — रोहा*

काकू, तुम्ही बाळाच्या काळजीनं केलंत, पण बाळाला खरा अपाय आजारानं होतो. हे वाचत असाल त्याच दिवशी सुनेला घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा, रक्त पुन्हा तपासून घ्या. क्लोरोक्वीन गरोदरपणात गेली कित्येक दशकं दिलं जातंय. ताप गेला म्हणजे जंतू गेले असं नाही, तो असा येतो-जातो. गरोदर बाईचं रक्त आधीच पातळ झालेलं असतं, त्यात हिवताप भर घालतो. फॅल्सिपेरम असेल तर जंतू वारेत ठाण मांडून बसतात, बाळाला पोषण कमी मिळतं. बाळ कमी वजनाचं होतं, दिवस भरायच्या आत होतं, कधी पोटातच जातं. माझ्या केंद्रात सातव्या महिन्यातली एक बाई अशीच आली होती, तिचं हिमोग्लोबिन चार होतं. ती वाचली, बाळ नाही.

व्हायवॅक्स असेल तर एक लक्षात ठेवा. वर मी ज्या प्रायमाक्वीनबद्दल इतकं लिहिलं, ते गरोदरपणात देत नाहीत. म्हणजे यकृतातले जंतू बाळंतपणापर्यंत तिथेच राहू शकतात. तोवर कधीही अंग तापलं तर सर्दीचा ताप समजून घरी बसवू नका, रक्त तपासा. प्रायमाक्वीन बाळंतपणानंतर कधी द्यायचं, ते डॉक्टर ठरवतील; त्यांना आठवण मात्र तुम्ही करून द्या.

*आमच्या इमारतीत कीटकनाशक विभागाची माणसं आली, गच्चीवरच्या टाकीत मलेरियाच्या अळ्या दाखवल्या आणि झाकण बदलायला सांगितलं. पाणी पिण्याचं, स्वच्छ. डास तर मागच्या गटारात आहेत. सभासद खर्चाला तयार नाहीत. — सचिव, गृहनिर्माण संस्था, मुंबई*

ती माणसं बरोबर सांगताहेत. गटारातला डास हत्तीरोगाचा, क्युलेक्स. शहरातला हिवतापाचा डास ॲनॉफिलीस स्टिफेन्साय, आणि त्याला स्वच्छ, साचलेलं पाणीच लागतं. मुंबईला हे शंभर वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटाच्या भिंतीत हिवतापाचा जंतू पाहिला. त्यानंतर चौदा वर्षांनी, १९११ मध्ये, डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल लिहिला आणि बोट ठेवलं ते घरोघरच्या विहिरींवर. विहिरी झाका किंवा बुजवा म्हटल्यावर विरोधही झाला, कारण लोकांची श्रद्धा त्यांच्याशी जोडलेली होती. आता विहिरींची जागा टाक्यांनी घेतली आहे.

सभासदांना गच्चीवर न्या आणि अळ्या प्रत्यक्ष दाखवा. ॲनॉफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाखाली आडवी पडलेली असते. गटारातल्या डासाची डोकं खाली करून तिरकी लोंबते. एकदा पाहिलं की विसरायला होत नाही. अंड्यापासून उडता डास व्हायला मुंबईच्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पिंप, कुंड्यांखालच्या बशा, एसीचं पाणी साचणारी डबडी आठवड्यातून एकदा पूर्ण कोरडी करायची. टाकीला घट्ट बसणारं झाकण, ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी, आणि तपासनीसाला वर चढता येईल अशी धड शिडी, एवढा खर्च आहे. कारंजं किंवा शोभेचं टाकं असेल तर त्यात गप्पी मासे सोडा.

शेजारी बांधकाम चालू असेल तर तिथे जरूर जा. तळमजल्याच्या खड्ड्यात पाणी असतं, आणि त्याच्या काठाला मजूर उघड्यावर झोपलेले असतात. ते ओडिशा-झारखंडहून आलेले असतात, ताप आला तर रोज बुडेल म्हणून कामावर जातात. त्यांच्या मुकादमाला तुमच्या जवळच्या पालिका दवाखान्याचा पत्ता द्या. रक्ततपासणी आणि औषध तिथे मोफत आहे.

*माझा मुलगा जानेवारीत नोकरीसाठी मोझांबिकला जातोय. मलेरियाची लस पुण्यातच बनते ना? त्याला मिळेल का? त्याला लहानपणी मलेरिया होऊन गेलाय, म्हणजे थोडी ताकद असेलच. — सातारा*

लस पुण्यात बनते हे खरं. आर-ट्वेंटीवन नावाची ही लस ऑक्सफर्ड विद्यापीठानं विकसित केली, उत्पादन सीरम इन्स्टिट्यूट करते. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली, आणि जुलै २०२४ पासून आफ्रिकेत ती बाळांना मिळू लागली. ती आहे पाच महिन्यांपुढच्या लहान मुलांसाठी, चार मात्रांची, फॅल्सिपेरमविरुद्ध. २०२३ या एका वर्षात जगात हिवतापानं सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यांतली ९५ टक्के आफ्रिकेतली, आणि तिथल्या दर चारांतली तीन पाच वर्षांच्या आतली मुलं. पुण्यातून तिकडे जाणाऱ्या प्रत्येक खोक्याचं मला अप्रूप आहे. पण तुमच्या मुलासाठी ती लस नाही.

लहानपणीच्या एका तापानं संरक्षण मिळत नाही. वारंवार होऊन थोडी ताकद येते, आणि तीही तो प्रदेश सोडला की ओसरते. मोझांबिकमध्ये तो नवखाच असेल. निघण्याआधी प्रवाशांना सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषध ठरवून घ्या. डॉक्सिसायक्लिन दिलं तर ते निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यावं लागतं. दुसऱ्या औषधांचे दिवस वेगळे. घरातलं क्लोरोक्वीन तिकडच्या फॅल्सिपेरमला पुरत नाही, ते बरोबर देऊ नका. भारलेली मच्छरदाणी मात्र द्या.

तो सुटीवर आला आणि इथे ताप भरला, तर साताऱ्यातला डॉक्टर आधी फ्लू किंवा डेंग्यू धरेल, यात त्याची चूक नाही. म्हणून मुलाला सांगून ठेवा: दवाखान्यात ताप किती आहे हे सांगण्याआधी आपण कुठून आणि कोणत्या तारखेला आलो ते सांगायचं, आणि मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी मागायची. परतल्यावर निदान तीन महिने.